ढगळ बंडी

“पिशवी तात्पुरती असेल,” डॉ. मैंदर्गी म्हणाले. “तीन महिने, फार तर चार. मग पुन्हा आत घेऊन टाकू.”

त्यांनी पॅडवर पेनानं आतडं काढून दाखवलं होतं. एक वाकडीतिकडी नळी आणि खालच्या टोकाला फुली. फुलीच्या जागी आप्पांची गाठ होती. तेवढा तुकडा कापून वरचं आणि खालचं तोंड एकमेकांना जोडायचं होतं. जोड फार खाली येत होता आणि असे खालचे जोड कधी कधी सुटतात. म्हणून तो भरून येईपर्यंत मळ वरच्या वर, पोटावर लावलेल्या पिशवीत काढून घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

“आणि नाही लावली तर?” मी विचारलं.

“तरी जोड टिकू शकतो. दहातले आठ-नऊ टिकतात. पण गळायला लागला, तर जिवावर बेततं.”

मी दूध संघात फॅट काढायच्या टेबलावर तेव्हा अठरा वर्षं काढली होती. आकड्यांत आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा माझा समज होता. आठ-नऊ टिकतात एवढंच माझ्या कानात शिरलं.

“साहेब, आमचे आप्पा गुरव आहेत,” मी म्हणालो. “रामलिंगाची पूजा आहे आमच्याकडं. गाभाऱ्यात जावं लागतं. अंगावर असलं काही घेऊन ते आत कसे जाणार?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे त्यांचं मत आहे की तुमचं?”

“त्यांचंच असणार.”

“मला त्यांच्याशी बोलू द्या.”

“त्यांना काही माहीत नाही. मूळव्याधीची गाठ आहे म्हणून सांगितलंय. कॅन्सर म्हटलं तर हाय खातील. तुम्ही नका बोलू, मीच विचारतो.”

आमच्याकडे ही रीतच आहे. आजार पेशंटचा, पण डॉक्टरांनी बोलायचं ते घरच्या कर्त्या माणसाशी. पेशंटनं बाहेर बाकड्यावर बसायचं आणि कोणी विचारलं तर बरं वाटतंय म्हणायचं. मैंदर्ग्यांना ते फारसं आवडलेलं दिसलं नाही, पण बाहेर वीसेक माणसं खोळंबली होती. “विचारून या,” ते म्हणाले.

आप्पा बाहेर बाकड्यावर बसले होते. वय एकाहत्तर, अंगानं काटक, कपाळावरचा भस्माचा पट्टा प्रवासातही ताजा. अंगात नवी कोरी मांजरपाटाची बंडी होती आणि ती इतकी ढगळ होती, की तिच्यात त्यांच्यासारखे आणखी एक आप्पा सहज मावले असते. सकाळी निघताना मी त्यावरून त्यांची थट्टाही केली होती. शिंप्यानं माप दुसऱ्या कुणाचं घेतलं काय, असं म्हणालो होतो. ते नुसतं “लागंल” म्हणाले होते.

मी शेजारी टेकलो.

“काय म्हनला डाक्टर?”

“काही नाही. गाठ काढायची.”

“आनि?”

“आणि काय? काढायची आणि जोडायचं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी समोरच्या भिंतीवरचा हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता वाचत बसलो. सहा चित्रं होती त्यात.

“आनि काय न्हाई म्हनला?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“नाही. चहा घेता का?”

चहा झाला. मी कप टाकून आलो, परत डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, “विचारलं, साहेब. नको म्हणतात.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. आप्पांना आत बोलावून मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली. सही झाल्यावर कागदाकडे नाही, माझ्याकडेच बघून त्यांनी विचारलं, “कशाची?” मी म्हणालो, “ऑपरेशनची.”

मी हे का केलं, ते सांगायला हवं. देवळाची पूजा आमच्या दोन घरांत वाटून आहे. एक वर्ष आमची पाळी, एक वर्ष आप्पांचे चुलतभाऊ बापूनाना यांची. त्याच्या पाच वर्षं आधी, आमच्या पाळीत, आप्पांच्या पोटरीला गळू झालं होतं. बापूनानांनी गावकी भरवली. अंगातून पू वाहणारा माणूस गाभाऱ्यात कसा जातो, असं त्यांनी चारचौघांत विचारलं. आप्पांनी एका शब्दानं वाद घातला नाही. महिनाभर ते पायरीवर बसून बाहेरूनच बेल वाहत होते आणि पूजा बापूनानांचा थोरला करत होता. मी त्या गावकीत होतो. मान खाली घातलेले आप्पा माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेले नाहीत. गळवाला महिना, तर या पिशवीला किती, असा हिशेब मी त्या चहाच्या कपाबरोबर करून टाकला. यंदाची आमची पाळी दोन महिन्यांवर आली होती.

रात्री फोनवर बायकोला सांगितलं. शालन म्हणाली, “आप्पास्नी इचारलंत का?” मी म्हणालो, “त्यात विचारायचं काय? त्यांचं मन मला कळत नाही होय?” ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला माझं बरोबर आहे असं वाटायचं.

ऑपरेशन चांगलं झालं. चार तास लागले. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी पहिल्यांदा चादरीखालून स्वतःचं पोट चाचपलं. डावीकडून उजवीकडे, मग परत.

“बाहीर काय न्हाई काढलं?”

“नाही. सगळं आतल्या आत जोडलं. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय.”

“आसं,” आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “बरं झालं मग.” मला त्यात समाधान ऐकू आलं. माझा जीव भांड्यात पडला.

सहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. पोटाच्या बाजूला लावलेल्या नळीतून तोवर फिकट लाल पाणी येत होतं, ते गढूळ झालं आणि त्याला वास येऊ लागला. सीटी स्कॅन झाला. जोड मागच्या अंगाला सुटला होता. सुटलेल्या जागेतून घाण बाहेर जाऊन माकडहाडाच्या पुढं तिनं पोकळी केली होती.

मैंदर्ग्यांनी मला पुन्हा खोलीत घेतलं. या वेळी तिथं एक तरुण डॉक्टरीणही होत्या. डॉ. रेवती हणबर, दुर्बिणीचं काम बघायच्या.

“पोट पुन्हा न उघडता करता येईल असं एक आहे,” त्या म्हणाल्या. “खालून दुर्बीण घालायची, सुटलेल्या जागेतून त्या पोकळीत स्पंजचा तुकडा ठेवायचा. स्पंजला नळी, नळीला मशीन. मशीन सतत ओढत राहतं. घाण निघते, पोकळीच्या भिंती जवळ येतात, नवं मांस धरतं. तीन-चार दिवसांनी स्पंज बदलायचा, दर वेळी आधीपेक्षा लहान. चार-पाच आठवडे लागतात.”

“टाका घालून बंद नाही करता येत?”

“सुजलेल्या जागी टाका धरत नाही.”

मैंदर्गी म्हणाले, “याच्यासोबत पिशवी केली तर उत्तम. छोटंसं ऑपरेशन आहे. नाहीतर वरून मळ येत राहणार आणि हे मशीन खालून ओढत राहणार. दोन्ही एकाच वेळी.”

“पण नुसत्या स्पंजानंही होतं ना?” मी डॉ. रेवतींना विचारलं.

त्यांनी आधी मैंदर्ग्यांकडे पाहिलं. “काहींचं होतं. खाणं बंद ठेवून, शिरेतून पोषण देऊन.”

“मग स्पंजच करा.”

“विचारा त्यांना एकदा,” मैंदर्गी म्हणाले. “आता तरी विचारा.”

या वेळी मी बाहेरसुद्धा गेलो नाही. “साहेब, त्यांचं एकच म्हणणं आहे,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा खोटं बोलणं फार सोपं जातं.

स्पंज पहिल्यांदा बसवला त्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. अर्ध्या तासानं आप्पांना खाटेवर आणलं. चादरीखालून एक नळी निघून खाटेच्या दांड्याला टांगलेल्या मशीनपर्यंत गेली होती. मशीन बारीक आवाज करत राहायचं. डब्यात तपकिरी पाणी जमायचं.

“आत काय बसावलंय?” आप्पांनी विचारलं.

“औषध आहे. जखम ओढून घेतं.”

“जोड गळाय लागलाय व्हय?”

मी दचकलो. “कुणी सांगितलं?”

“कुनी सांगाय कशाला पायजे? माझंच प्वाट हाय की.”

डॉ. रेवतींनी पोकळी पहिल्या दिवशी मोसंब्याएवढी सांगितली. पहिल्या बदलाला थोडी कमी. दुसऱ्या बदलाला लिंबाएवढी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर बदलाच्या तारखेखाली बारीक पेन्सिलीनं फळांची नावं लिहीत होतो. ताप उतरला. आप्पा उशीला टेकून बसू लागले. तोंडातून पाणी सोडून काही द्यायचं नव्हतं, त्यामुळे हातांना आणि तोंडाला दोन्हींना काम नव्हतं. आमच्या घरात पूजेखेरीज पत्रावळी-द्रोण लावायचं कामही पिढीजात, आणि आप्पांची बोटं रिकामी राहायची नाहीत. त्यांनी डॉ. रेवतींकडून दवाखान्याच्या आवारातल्या देशी बदामाची चार मोठी पानं मागवली. टोकाला कापूस लावलेली दवाखान्यातली एक काडी चिरून तिच्या बारीक काड्या केल्या आणि द्रोण टाचला.

“पानी वता,” ते त्यांना म्हणाले.

डॉ. रेवतींनी ग्लासातलं पाणी ओतलं. आम्ही तिघं खाली बघत राहिलो. एक थेंब पडला नाही.

“आता तुमचा जोड दावा,” आप्पा म्हणाले.

त्या हसल्या. खरोखर हसल्या, मान मागे टाकून. “माझा चालू आहे हो आप्पा. तुमच्याइतका हात नाही बसलेला.”

“आवो, जेवताना द्रोण गळाय लागला तर काय करत्यात ठावं हाय? वरनं दुसरं पान चिकटावत न्हाईत. आदी आमटी दुसऱ्या भांड्यात वतून घ्याची, द्रोण मोकळा करायचा. मग गळतंय तितं काडी लावायची. भरल्याला काडी लागत न्हाई.”

डॉ. रेवतींचं हसू ओसरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून नळी कुठं दुमडली नाही ना, ते बघू लागलो. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात त्यांना दुसरीकडून हाक आली. आप्पांनी द्रोणातलं पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि द्रोण उशाशी वाळत ठेवला.

तिसरा बदल झाला तेव्हा पोकळी लिंबाएवढीच होती. चौथ्यालाही तीच. डॉ. रेवती म्हणाल्या, आतली जागा सारखी मळते आहे, मांस धरतं आणि पुन्हा सडतं. मी कॅलेंडरवर लिंबू लिहिलं, मग पुन्हा लिंबू. अजून दोन आठवडे आहेत, असं मी शालनला सांगितलं. तिनं रामलिंगाला अभिषेक बोलल्याचं सांगितलं. पूजा तेव्हा बापूनानांकडे होती. अभिषेक त्यांच्याच हातून व्हायचा होता, आणि त्यांनी तो मन लावून केला असंही ती म्हणाली.

पाचव्या बदलाच्या सकाळी आप्पांना दुर्बिणीच्या खोलीतून आणलं तेव्हा डॉ. रेवती खाटेबरोबर चालत आल्या. त्यांनी मला काही सांगितलं नाही. पंधरा मिनिटांनी मैंदर्गी आले. आप्पांना सडकून ताप होता, श्वास वरच्या वर चालला होता, बोटांची नखं निळसर झाली होती.

“मारुतीराव,” मैंदर्गी खाटेशी वाकून म्हणाले, “माझ्याकडं बघा.”

“साहेब, आपण बाहेर बोलू,” मी म्हणालो.

“नाही. आज मी यांच्याशी बोलणार आहे.” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “मारुतीराव, जोड आणखी सुटलाय. विष अंगात भिनतंय. स्पंजनं आता भागणार नाही. पोट उघडून धुवावं लागेल आणि मळाची वाट पोटावर पिशवीत काढावी लागेल. ऑपरेशनच्या आधी पिशवी सुचवली होती, तुम्ही नको म्हणालात. जोड सुटला तेव्हाही नको म्हणालात. दोन्ही वेळा मी तुमचं ऐकलं. आता तिसऱ्यांदा विचारतोय, आणि आता ऐकणं मला अवघड जाईल.”

आप्पांनी मान वळवली. तापानं लाल झालेले ते डोळे माझ्यावर येऊन थांबले. मला वाटलं, आता ते म्हणतील, मला कधी विचारलं? मी खाटेचा दांडा धरला होता. मीच नको म्हणालो होतो, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

आप्पांनी मान परत डॉक्टरांकडे नेली.

“व्हय,” ते म्हणाले. “म्याच नगं म्हनालो हुतो. माझंच चुकलं.”

डॉ. रेवती खिडकीकडे वळल्या.

“आता लावा,” आप्पा म्हणाले. “काय आसंल ती लावा.”

सही त्यांनी स्वतःच केली. पेन दोनदा बोटांतून निसटलं, तेव्हा मी धरायला गेलो. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

वर नेण्यासाठी लिफ्टची वाट बघत त्यांची ट्रॉली व्हरांड्यात उभी होती. वॉर्डबॉय बटण दाबून भिंतीला टेकला होता. आप्पांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

“दिगू, मला इचाराय पायजे हुतंस.”

“आप्पा, बापूनानांनी...”

“बापूनाना हाय का हितं?”

“नाही.”

“मग?” त्यांना दम लागला. थोडं थांबून ते म्हणाले, “माझी बंडी कुटं हाय?”

“कापडी पिशवीत. घडी करून ठेवलीय.”

“ऱ्हाऊ दे. बाहीर आलो की लागंल.”

लिफ्टचं दार उघडलं. मी आत शिरायला लागलो, तर वॉर्डबॉय म्हणाला, नातेवाइकांनी जिन्यानं या. मी जिन्याकडे धावलो. चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा ते आत गेले होते.

ते बाहेर आले, पण जागे झाले नाहीत. तीन दिवस अतिदक्षता विभागात नळ्यांमध्ये होते. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं मला आत सोडायचे. पहिल्या सकाळी नर्सनं चादर बाजूला केली आणि मी ती पिशवी पाहिली. ज्या पिशवीची मी महिनाभर धास्ती घेतली होती, ती साध्या पारदर्शक प्लॅस्टिकची, फुलपात्राच्या उंचीची होती. धोतराच्या निऱ्यांत दिसलीही नसती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आप्पा गेले. मैंदर्ग्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमच्या वडिलांचा निश्चय फार मोठा होता.” मी मान हलवली.

गावात ही गोष्ट माझ्याआधी पोचली. दवाखान्यात भेटायला आलेल्या कुणीतरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकली आणि गावात नेली. मारुती गुरवानं जीव दिला, पण अंगाला विटाळ लावून घेतला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच बोलून जायचा. बापूनाना तर माझ्या गळ्यात पडून रडले. “गळवाच्या वक्ताला म्या त्येला बोललो, दिगू,” ते म्हणाले. “त्यो माझ्यापरीस सोवळा निगाला. खरा गुरव त्यो.” चार माणसं बसली होती. एवढ्या माणसांत मी तोंड उघडलं नाही. शालन आतल्या दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिनंही तोंड उघडलं नाही आणि त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आमची पाळी लागली. मी दूध संघातून रजा काढली आणि पूजेला उभा राहिलो. पहिल्याच सोमवारी दहाच्या सुमाराला एक म्हातारा गृहस्थ देवळात आला. पांढरी टोपी, अंगात खाकी रंगाचा जुना कोट, हातात बेलाचं पुडकं. नमस्कार करून तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“दिगंबर गुरव तुमीच का? मी हिंदुराव येसुगडे. शेजारच्या गावचा. पोस्टात होतो, आता रिटायर.” आवाज अगदी हळू होता. “आप्पा होते तेव्हा मला हाताला धरून आत घेत होते. उंबरा उंच आहे आणि मला वाकताना अडचण होते. आता तुमची पाळी. तुमी घेताय का नाही, म्हणून उभा आहे.”

“का नाही घेणार?”

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. सभामंडपात कोणी नव्हतं. कोटाचं बटण काढून त्यानं आतली बंडी थोडी वर केली. बंडी ढगळ होती. आतून पोटाजवळ तिला एक मोठा खिसा होता आणि खिशात ती पिशवी होती.

“तीन वर्सं झाली,” येसुगडे म्हणाला. “कायमची आहे माझी. पैल्यांदा आलो तेव्हा लांबूनच हात जोडत होतो. आप्पांनी विचारलं, तात्या, आत का येत नाही? सांगितलं. तर म्हणाले, सगळ्यांच्याच पोटात असतं ते, तुमचं जरा बाहेर हाय इतकंच. आणि मला पिंडीपतोर नेलं. कुणाला बोलले नाहीत. दर सोमवारी यायचो, या टायमाला, गर्दी नसते म्हणून.”

मी गाभाऱ्याच्या दगडी चौकटीला हात टेकला.

“ऑपरेशनच्या आधी घरी आले होते माझ्या,” तो पुढं म्हणाला. “बसले दोन तास. म्हणाले, तात्या, मलाबी तुमचंच दुखणं हाय. पोरं मूळव्याध म्हनत्यात, त्यांच्या जिवाला बरं वाटतंय तर म्हनू देत. पिशवी कशी बदलायची, धोतर कुठं नेसायचं, पूजेला वाकताना कसं वाकायचं, सगळं विचारून घेतलं. ही बंडी काढून घेतली माझ्याकडनं मापाला. डॉक्टर म्हनला तर लावून घ्याची, म्हणाले. पाळी चुकवायची न्हाई.”

मी ऐकत होतो. पिंडीवर टांगलेल्या गळतीच्या भांड्यातून पाण्याचे थेंब पडत होते.

“आता लोक म्हणतात, आप्पांनी पिशवी नको म्हणून सांगितलं. मला ते पटत नाही. दहा लोकांनी सांगितलं तरी पटत नाही.” येसुगडेनं माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. “तिथं गेल्यावर मन कसं काय फिरलं त्यांचं? तुमाला काय बोलले का?”

“नाही,” मी म्हणालो.

मग मी त्याला हाताला धरलं आणि उंबरा ओलांडून आत घेतलं. त्यानं बेल वाहिला. वाकताना त्यानं डावा हात पोटाशी धरला होता. आप्पांनी हे सगळं बघून, शिकून ठेवलं होतं. फक्त मी विचारायची वाट बघत ते बाकड्यावर बसले होते. आणि काय म्हणाला डॉक्टर, असं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गावात अजून ती सांगतात, आमच्या पाळीच्या पहिल्या सोमवारी तर हटकून सांगतात. येसुगडे चार वर्षांपूर्वी वारला. तोवर दर पाळीला मी त्याला आत घेत होतो, आणि त्यानं पुन्हा कधी मला ते विचारलं नाही. सोवळ्यासाठी केलं, आप्पांच्या मानासाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. ते खरं नाही. गावकीत मान खाली घालून आप्पा बसले होते, आणि लाज मला वाटली होती. ती पुन्हा वाटू नये म्हणून मी हे केलं.

येसुगडे पहिल्यांदा आला त्या सोमवारी पूजा आटोपून घरी आलो तेव्हा शालन परसात होती. दवाखान्यातून आणलेली कापडी पिशवी खुंटीला तशीच होती, कोणी सोडली नव्हती. वर द्रोण होता, वाळून कडक झालेला. त्याच्याखाली बंडी. मी ती उलटी केली. पोटाच्या जागी आतून मऊ कापडाचा खिसा होता, दुहेरी शिलाईचा, तोंडाला नाडी ओवलेली. मी नाडी सोडून आत हात घातला. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.